पायपुसण्यावरचा चेहरा

हेमाली भिवंडीजवळच्या वळ गावातल्या एका गोदामात पॅकिंगला होती. आजूबाजूच्या गोदामांत माल साठवायचे, हिच्या गोदामात छापायचे. कुठेतरी कुणीतरी मोबाईलवर एखादं चित्र पसंत करायचं, ते कपावर हवं की उशीच्या अभ्र्यावर की भिंतीवरच्या फ्रेममध्ये ते सांगायचं, आणि मग इथे तेवढा एकच नग छापून निघायचा. ऑर्डर नसेल तर वस्तूही नाही. एका बाजूला छपाईच्या मशिनी, दुसऱ्या बाजूला पॅकिंगची टेबलं. हेमालीच्या टेबलावर दिवसाला अडीचशे-तीनशे नग यायचे. डाग बघायचा, रंग फिका नाही ना ते बघायचं, स्टिकर स्कॅन करायचं आणि खोक्यात भरायचं. पोपट, डोंगर, मांजरी, बुद्ध, कुणाकुणाच्या लग्नाच्या तारखा. दोन वर्षांत इतकी चित्रं तिच्या हातांखालून गेली होती की ती आता चित्र बघतच नसे, फक्त डाग बघत असे.

एका मंगळवारी जेवणाच्या सुट्टीनंतर तिच्यासमोर एक पायपुसणं आलं, आणि त्यावर तिचे बाबा होते.

आधी तिला वाटलं, भास झाला. मग तिने ते उजेडाकडे धरलं. भुवयांवर कापसाची रुई, डाव्या कानात खुपसलेला बोळा, तोंड किंचित उघडं. काही बारीक काम करताना त्यांचं तोंड असंच उघडं राहायचं. ते दोन लूमच्या मधे वाकून तुटलेला धागा सांधत होते. बाबांनी, सावळाराम यांनी, बावीस वर्षं भिवंडीच्या एका कारखान्यात लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवली होती आणि तीन वर्षांपूर्वी ते गेले होते. घरी त्यांचा एकच फोटो होता. आधार कार्डावरचा, मोठा करून घेतलेला, ज्यात ते घाबरल्यासारखे दिसत.

हेमालीने स्कॅनरवर ‘रिजेक्ट’ दाबलं. डाग नव्हता, रंगही बरोबर होता, पण तिला ते पायपुसणं खोक्यात घालता येईना. रिजेक्ट केलेला माल बाहेर विकला जाऊ नये म्हणून मधोमध कात्रीने कापून टबात टाकायचा, असा नियम होता. तिने कात्री उचलली आणि परत ठेवली. पायपुसण्याची घडी करून ते टेबलाखाली सरकवलं.

दहा मिनिटांत दुसरं आलं. ऑर्डर पुरी झाली नाही म्हटल्यावर मशिनीने तेच चित्र पुन्हा छापलं होतं. हे तिला माहीत होतं, रोज तेच व्हायचं, पण त्या क्षणी तिच्या लक्षातच आलं नव्हतं. तिने दुसरंही रिजेक्ट केलं. तिसरं आलं. तेही केलं. टेबलाखाली बाबांच्या तीन घड्या झाल्या आणि चौथं पायपुसणं घेऊन सुपरवायझर मनोज स्वतः आला.

मनोज कशेळीचा होता, आवाज न चढवता काम करून घेणारा. माल तर चांगला आहे, मग तीन-तीन वेळा रिजेक्ट का, असं त्याने विचारलं.

“हे माझे बाबा आहेत,” हेमाली म्हणाली.

मनोजने पायपुसणं हातात धरून बराच वेळ बघितलं. मग त्याने तिला समजावलं की तिने शंभर वेळा रिजेक्ट केलं तरी शंभर वेळा छापलं जाईल. गोदामात कुणाच्याच हातात काही नाही. ज्याने चित्र वेबसाईटवर टाकलं आहे त्यानेच ते काढलं तर थांबेल. चौथं पायपुसणं त्याने आपल्या हातांनी खोक्यात भरलं, कारण ते त्या संध्याकाळच्या गाडीत जाणं भागच होतं. टेबलाखालची तीन मात्र त्याने कापली नाहीत. घडी तशीच ठेवून टबाच्या तळाशी घातली आणि वर दुसरा माल टाकला. गेटबाहेर चिंधीसुद्धा नेता येत नसे, त्यामुळे ती घरी ने, असं त्याला म्हणता येत नव्हतं.

खोकं बंद होण्याआधी हेमालीने स्टिकर वाचलं होतं. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: ‘लूमवाला. कलाकार, अफीफा सादिक, भिवंडी.’

हे नाव तिला ठाऊक होतं. बाबा ज्यांच्याकडे कामाला होते त्या सादिकशेठची ती थोरली मुलगी.

घरी तिने आईला काही सांगितलं नाही. त्यांचं गाव वज्रेश्वरीच्या अलीकडे, एसटीच्या रस्त्यापासून आत. आईने जेवताना दोनदा विचारलं, आज एवढी गप्प का. हेमालीने पाय दुखतात म्हणून वेळ मारून नेली. पण अंथरुणावर पडल्यावर तिच्या डोळ्यांपुढे ते खोकं येत राहिलं. कुठल्या गावाला गेलं असेल, कुणाच्या दारात पडलं असेल. त्या घरातली माणसं वाईट नसणार. त्यांना चित्र आवडलं म्हणूनच त्यांनी ते घेतलं होतं.

रविवारी ती भिवंडीला गेली. लहानपणी एकदा ती आईचा निरोप घेऊन त्या कारखान्यात आली होती. तेव्हा दारातूनच एवढा आवाज यायचा की निरोप ओरडून सांगावा लागला होता. आता खाली शांत होतं. लूम भंगारात गेल्या होत्या आणि जागा पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या व्यापाऱ्याला भाड्याने दिलेली होती. वर शेठ आपल्या दोन मुलींसोबत राहत. थोरली अफीफा मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची, धाकटी अदीबा एका कंपनीत नोकरीला होती.

दार अफीफानेच उघडलं. खिडकीजवळ खुर्चीत सादिकशेठ बसले होते, बाजूला काठी. हेमालीने आपण सावळारामची मुलगी असं सांगितल्यावर त्यांनी मान वर केली आणि तिच्याकडे बघतच राहिले. पाणी आलं. आई कशी आहे, गावाला शेती कोण बघतं, असं थोडं बोलणं झालं. येताना एसटीत जे जे बोलायचं ठरवलं होतं त्यातलं काहीच हेमालीला आठवेना.

“ताई,” ती म्हणाली, “माझ्या बाबांच्या तोंडावर लोक पाय पुसतायत.”

अफीफाला काही कळलंच नाही. हेमालीने गोदामातलं सगळं सांगितलं, तीन पायपुसणी, चौथं खोक्यात गेलेलं, स्टिकरवरचं नाव. अफीफाने मोबाईल काढून आपलं पान उघडलं. तिच्या बोटांना घाई झाली होती. चित्राखाली वस्तूंची रांग होती. फ्रेम, कप, उशी, पिशवी, मोबाईलचं कव्हर. तिने रांग पुढे सरकवली आणि तिला पायपुसणं दिसलं. आतल्या खोलीतून अदीबा बाहेर आली. पाच वर्षांपूर्वी ही सगळी चित्रं तिनेच वेबसाईटवर टाकली होती. तेव्हा ‘सगळ्या वस्तूंवर’ अशी एक खूण होती आणि ती केली की काम एकदम व्हायचं. पायपुसणी त्या वेळी वेबसाईटवर नव्हती. नंतर कधीतरी आली आणि आपोआप रांगेत बसली. त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही परत कधी बघितलं नाही.

अफीफाने तिथल्या तिथे पायपुसणं बंद केलं. एवढं करायला अर्धं मिनिटही लागलं नाही, आणि हेच तिला जास्त लागलं.

अदीबाला वाईट वाटलं होतं, पण ती आपल्या बहिणीच्या बाजूनेही बोलली. अफीफाने ठाण्याला दोनदा प्रदर्शनात चित्रं लावली होती, एकही गेलं नव्हतं. ओळखीचे लोक घरी येऊन चित्र बघायचे आणि घरचा भाव लावा म्हणायचे. वेबसाईटवर निदान लोक घेत होते. एका कपामागे हातात फार पडत नसे, पण महिन्याच्या रंग-कागदाचा खर्च निघत असे. सगळ्यांत जास्त ‘लूमवाला’च जायचा. कोण घेतं, कुठल्या गावचं, का घेतं, हे वेबसाईट कधी सांगत नसे. तिच्या चित्राला पाच वर्षांत शेकडो गिऱ्हाइकं मिळाली होती आणि अफीफा त्यांतल्या एकालाही ओळखत नव्हती.

कपावर चालेल का, असं अदीबाने हेमालीला विचारलं. हेमालीने विचार केला. कपातून कुणी चहा पितो, त्यात अपमान नव्हता. पिशवीतून कुणी भाजी आणतो. तिला ठरवता येईना. आईला विचारते, असं ती म्हणाली.

मग तिने विचारलं, खरं चित्र अजून आहे का.

अफीफाने कपाटामागून जुन्या चादरीत गुंडाळलेला एक मोठा पुठ्ठा काढला. चित्र कोळशाने काढलेलं होतं, जवळजवळ हेमालीच्या कमरेएवढं उंच. पायपुसण्यावर जे सपाट दिसत होतं ते इथे खोल होतं. लूममागचा अंधार, धाग्यांवरची रुई, आणि बाबांच्या मानेची ती शीर. सोळा वर्षांपूर्वी अफीफा एकोणीस वर्षांची होती, चित्रकलेच्या शिक्षिकेचा कोर्स करत होती. कारखान्याच्या दाराशी स्टुलावर बसून तिने चार दिवसांत हे काढलं होतं. सावळाराम तिच्याकडे कधीच बघत नसत, पण ती आली की त्या बाजूचा दिवा लावून ठेवत. हे तिने हेमालीला सांगितलं.

घेऊन जा, असं अफीफा म्हणाली. तुमचंच आहे.

“फुकट नको, ताई. विकत घेतलं तर ते आमचं होईल. नाहीतर तुम्ही दिलेलंच राहील.”

अफीफाला समोर बसलेल्या माणसाला आपल्या चित्राची किंमत सांगायची सवय नव्हती. ती एकदा अदीबाकडे बघायची, एकदा चित्राकडे. शेवटी हेमालीनेच आपला एका आठवड्याचा पगार सांगितला आणि अफीफाने मान डोलावली. चित्राला काच लावून ते आपण स्वतः गावी आणून देऊ, असं तिने कबूल केलं.

चित्र चादरीत परत गुंडाळलं जात असताना सादिकशेठ म्हणाले, “मी पण येतो.”

अफीफा म्हणाली, अब्बा, रस्ता खराब आहे, तुमचे गुडघे दुखतील. पण पुढच्या रविवारी ते सकाळपासून कपडे करून खुर्चीत बसले होते.

रिक्षाने जायला तास-सव्वातास लागला. हेमालीने आदल्या संध्याकाळी आईला सगळं सांगितलं होतं, पायपुसण्याचंही. आईने ओटा सारवला आणि पाहुण्यांसाठी शेजारून दोन खुर्च्या आणल्या. शेठना ती बावीस वर्षं ऐकून ओळखत होती, बघत होती पहिल्यांदाच. सावळाराम दर शुक्रवारी, लूम बंद असायच्या तेव्हा घरी यायचे आणि शनिवारी पहाटे जायचे. त्यांना कामावर असताना तिने कधीच बघितलं नव्हतं. बायका कारखान्यात जात नसत, आणि ते घरी कामाचं बोलत नसत.

अफीफाने चित्र भिंतीला टेकवून उभं केलं आणि चादर काढली.

आई जमिनीवर बसली. आधी लांबून, मग सरकत सरकत जवळ. तिने चेहरा बघितला आणि पदराचं टोक तोंडाला लावलं. कानातल्या बोळ्याकडे बोट दाखवून ती हेमालीला म्हणाली, म्हणून ते घरी ऐकत नव्हते, एवढ्या आवाजानं कान गेले होते त्यांचे, मला वाटायचं मुद्दाम. मग तिची नजर खाली हातांवर गेली. डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि पहिल्या बोटात त्यांनी धागा धरला होता. आई तिथेच थांबली.

“ह्यो त्यांचा हात न्हाय,” ती म्हणाली. “बोट पुरं हाय.”

हेमालीला हे भिवंडीतच दिसलं होतं. बाबांचं ते बोट आखूड होतं, वरचं पेर नव्हतं. ती सहा वर्षांची असताना ते लूमच्या पट्ट्यात गेलं होतं. पण चित्र एवढं मोठं, एवढं सुंदर, त्यात आपण खोट कशी काढायची, म्हणून ती बोलली नव्हती. चित्र अपघातानंतर दोन वर्षांनी काढलं होतं.

अफीफाचा चेहरा उतरला. ती काही बोलणार तोच सादिकशेठ बोलले.

“भाभी, मुलीनं बरोबर काढलं होतं. मीच पुरं करायला लावलं.”

आई वळली. शेठ खुर्चीत ताठ बसले होते, दोन्ही हात काठीवर.

“त्या लूमच्या पट्ट्याला जाळी नव्हती,” ते म्हणाले. “सावळारामनं मला दोनदा सांगितलं होतं, शेठ जाळी बसवा. मी म्हटलं, ईदनंतर बघू. दवाखान्यात मीच नेलं त्याला. नंतर तो एक शब्द बोलला नाही. आठ दिवसांत कामावर आला. मला रोज ते बोट बघायला लागायचं. घरातल्या चित्रात तरी नको, असं वाटलं.”

“आमाला पन रोज दिसायचं, शेठ,” आई म्हणाली.

ती हे रागाने म्हणाली नाही. शेठनी मान खाली घातली. बाहेर कुणाची तरी कोंबडी ओट्यावर चढली आणि हेमाली तिला हाकलायला म्हणून उठून गेली, खरं तर डोळे पुसायला. ती परत आली तेव्हा आई अफीफाशी बोलत होती. त्यांचं बोट होतं तसं काढता येईल का, असं विचारत होती. अफीफाने सांगितलं, येईल, पण सोळा वर्षांचा कोळसा कागदात मुरलाय, थोडा डाग राहील. आई म्हणाली, राहू दे डाग.

हेमालीने सुरीने चौकटीमागचे खिळे सरळ केले आणि काच काढली. अफीफाच्या पिशवीत शाळेतल्या चित्रकलेचा डबा असायचाच, रबर आणि कोळशाच्या कांड्या. ती जमिनीवर बसली, बोटाचं टोक हळूहळू पुसू लागली. खालचा कागद राखाडीच राहिला. मग तिने विचारलं, “मावशी, नक्की कुठून?”

आईने आपला डावा हात पुढे केला. पहिलं बोट ताठ धरलं आणि उजव्या हाताच्या नखाने त्यावर रेघ ओढली.

“हितून. सरळ न्हाय, जरा तिरकं. आन टोकाला गाठ व्हती. थंडीत दुखायची.”

अफीफा तो हात बघून काढत होती. मधेच ती थांबायची आणि आई सांगायची, जास्त झालं, किंवा गाठ बाहेरच्या अंगाला. तरुणपणी अफीफाने चार दिवस त्या माणसासमोर बसून त्याला काढलं होतं आणि एक अक्षर विचारलं नव्हतं. आता एका बोटाला पाऊण तास लागला. सादिकशेठ खुर्चीतून पुढे वाकून बघत होते. काम झाल्यावर आईने मान हलवली, म्हणजे बरोबर.

चौकट परत बंद करण्याआधी अफीफाने मागच्या पुठ्ठ्यावर पेनाने लिहिलं. आधी सावळाराम यांचं पूर्ण नाव, हेमालीला विचारून. मग चित्र काढल्याचं साल, आणि खाली आजची तारीख आणि घेणाऱ्याचं नाव, हेमाली. हेमालीने पाकीट दिलं, तिने ते न मोजता पिशवीत ठेवलं.

चहा झाल्यावर हेमालीने आईला कपाचं आणि पिशवीचं विचारलं. वेबसाईट म्हणजे काय ते आईला तिने दोनदा समजावून सांगितलं. आईने ऐकून घेतलं.

“ज्यांना ते कोन म्हायती न्हाय, त्यांना कशाला पायजेत?” ती म्हणाली. मग अफीफाकडे बघून तिने जरा सावरून घेतलं. “तुझं नुसकान व्हत आसंल तर सांग, बाय.”

अफीफा म्हणाली, नाही. तिने तिथेच बसून ते चित्र वेबसाईटवरून काढायला घेतलं. गावात रेंज कमी होती, पान उघडायला वेळ लागत होता, ती ओट्यावर जाऊन उभी राहिली. आत येऊन तिने सांगितलं की काढलं. आधी आलेल्या ऑर्डरी मात्र छापल्या जातील, त्या थांबवता येत नाहीत. हेमालीला ते माहीत होतं. त्या आपल्याच टेबलावर येऊ देत, असं तिला वाटलं, पण ते तिच्या हातात नव्हतं.

अफीफाच्या पानावर खाडीची आणि फुलांची चित्रं अजून होती. ती ठेवायची तिने ठरवलं, आणि प्रत्येकाखाली कुठल्या वस्तू आहेत ते स्वतः बघायचं. पण कारखान्यातल्या माणसांची आणखी सहा चित्रं होती, ती ज्याची त्याला विचारूनच ठेवायची होती. त्या माणसांपैकी कोण कुठे आहे, हे तिने येताना रिक्षातच अब्बांना विचारायला सुरुवात केली होती. शेठना चौघांची गावं आठवत होती.

पाहुणे निघाले तेव्हा सादिकशेठ आईसमोर थांबले. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. आईने वाट पाहिली. शेवटी ते एवढंच म्हणाले की गुडघे बरे असतील तर परत येईन. आई म्हणाली, या.

रिक्षा वळणाआड गेल्यावर हेमालीने हातोडी आणली. आधार कार्डाचा फोटो काढून त्या जागी, दारातून आत येणाऱ्याला समोरच दिसेल असं, चित्र लावायचं तिच्या मनात होतं. आई नको म्हणाली. तो फोटो लोकांसाठी आहे, तो तिथेच राहू दे. तिने चित्र उचलायला लावलं आणि आतल्या खोलीत, जिथे ती झोपायची त्या भिंतीजवळ नेलं. जरा खाली, जरा डावीकडे, असं सांगत तिने जागा दाखवली, आणि हेमालीने खिळा ठोकला.